पाकिटातले आरोग्य, पानातले आरोग्य

विशेष प्रतिनिधी, पालघर

नाचणी हे एकच धान्य सध्या दोन निरनिराळी आयुष्ये जगत आहे. मुंबईच्या वातानुकूलित दुकानांत ते 'सुपरफूड' म्हणून चकचकीत पाकिटात विराजमान झाले आहे. तेथून शंभरेक किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या डोंगरउतारांवर, त्याला 'नागली' म्हणतात. वरकस जमिनीत ती पिढ्यान् पिढ्या पिकत आली आणि 'गरिबाचे धान्य' म्हणून तितक्याच पिढ्या हिणवलीही गेली. या दोन टोकांच्या मधोमध बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा आहे. तेथील पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या वाट्याला बहुधा ना ते पाकीट येते, ना ती भाकरी. त्याच्या हाती असतो वडापाव, चहा आणि बिस्किटाचा पुडा.

'समग्र आरोग्य', 'पूर्ण अन्न', 'सजग आहार' अशा शब्दांचा गेल्या काही वर्षांत सुळसुळाट झाला आहे. त्यांचा नेमका अर्थ काय, त्यामागे शास्त्र किती आणि बाजार किती, हे समजून घ्यायचे असेल तर पालघरसारखा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही. सागरी, नागरी आणि डोंगरी अशा तिन्ही पट्ट्यांचा हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. उत्तम सकस अन्न, कारखान्यांची धावपळ आणि बालकांचे कुपोषण या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींपासून दोन तासांच्या अंतरावर नांदतात.

शब्दांचा अर्थ

'पूर्ण अन्न' म्हणजे शेतातून, झाडावरून अथवा समुद्रातून जसे मिळाले, त्याच्या शक्य तितके जवळ राहिलेले अन्न. हातसडीचा तांदूळ, सालासकट डाळ, मोड आलेली कडधान्ये, अख्खे फळ, ताजी भाजी, मासळी, अंडी, दूध, शेंगदाणे हे सारे त्यात मोडते. शिजवणे, दळणे, वाळवणे, आंबवणे या घरगुती संस्कारांनी अन्नाचे 'पूर्णत्व' जात नाही. त्यातील कोंडा, तंतू आणि क्षार काढून टाकून, उरलेल्या भागात साखर, मीठ, तेल, रंग आणि स्वाद मिसळले की मात्र ते वेगळ्याच जातीचे होते.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोन्तेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची वर्गवारी पोषकद्रव्यांऐवजी प्रक्रियेवरून करावी, असा विचार मांडला. त्यातून 'नोवा' ही चार गटांची पद्धत रूढ झाली. पहिल्या गटात जवळजवळ मूळ स्वरूपातील अन्न, दुसऱ्यात तेल-तूप-साखर-मीठ असे स्वयंपाकाचे घटक, तिसऱ्यात पाव, चीज, खारवलेली मासळी असे प्रक्रिया केलेले पदार्थ, तर चौथ्यात 'अतिप्रक्रियायुक्त' पदार्थ येतात. घरच्या स्वयंपाकघरात जे कधीच आढळत नाहीत असे घटक पाकिटावरील यादीत दिसले, की तो पदार्थ चौथ्या गटातला, अशी सोपी खूण सांगता येईल.

'सजग आहार' याचा अर्थ जेवताना जेवणाकडे लक्ष असणे. भूक किती आहे, पानात काय आहे, चव कशी आहे आणि पोट केव्हा भरले, याचे भान असणे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये तणावमुक्तीचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एकच मनुका अतिशय सावकाश, लक्षपूर्वक खाण्याचा सराव होता. आजच्या 'माइंडफुल ईटिंग'च्या लाटेचा उगम बरेच जण तेथे शोधतात. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवावे कसे याचे नियमच दिले आहेत. अन्न गरम असावे, बेताचे असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, फार घाईने वा फार रेंगाळत जेवू नये, बडबड व हास्यविनोद टाळून अन्नात मन ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. पानाभोवती पाणी फिरवून चित्रावती घालण्याची अथवा जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची घरोघरची रीत याच वळणाची. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी पहिल्या घासापूर्वी क्षणभर थांबणे हा तिचा व्यावहारिक लाभ उरतोच.

'समग्र आरोग्य' ही कल्पना या दोहोंहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेने केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, असे सांगत शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थितीला आरोग्य म्हटले. म्हणजेच झोप, श्रम, विसावा, माणसांची सोबत, पाणी आणि हवा हेही त्यात आले. आहार हा त्यातील एक भाग. हे ध्यानात ठेवले नाही, तर 'समग्र' या विशेषणाची किंमत पाकिटावरील छपाईइतकीच उरते.

पुरावा काय सांगतो?

पूर्ण अन्नाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वीस प्रौढ स्वयंसेवकांना संस्थेतच ठेवून त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रियेचे अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना मंडळींनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले, तर दुसऱ्या अन्नावर तितकेच घटले. ते अन्न मऊ असल्याने भराभर खाल्ले गेले, हेही त्यात नोंदले गेले.

येथेच पूर्ण अन्न आणि सजगता यांची गाठ पडते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. भाकरी, उसळ, काकडी हे चावूनच खावे लागते. त्यामुळे तो निरोप वेळेत पोहोचतो. बिस्किटाचा पुडा त्याआधीच संपलेला असतो. थोडक्यात, पूर्ण अन्न माणसाला आपोआप सावकाश जेवायला लावते.

धान्याच्या दाण्याचे कोंडा, अंकुर आणि पिष्टमय गाभा असे तीन भाग असतात. तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंडा व अंकुर निघून जातात आणि त्यांबरोबर बहुतेक तंतू, ब जीवनसत्त्वे व क्षारही जातात. नाचणीचा दाणा इतका बारीक असतो, की तो सहसा सालासकटच दळला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक सारणीनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम व ११ ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात हेच आकडे अनुक्रमे सुमारे ७.५ मिलिग्रॅम आणि २.८ ग्रॅम आहेत.

मात्र आकड्यांनी भुलून जाण्याचे कारण नाही. नाचणीतील सर्व कॅल्शियम शरीराला मिळत नाही. तिच्यातील फायटेटसारखी द्रव्ये त्याचे शोषण अडवतात. धान्य भिजवणे, त्याला मोड आणणे, पीठ आंबवणे या क्रियांनी ती द्रव्ये कमी होतात. आंबील करणाऱ्या आजीला 'फायटेट' हा शब्द ठाऊक नसेल, पण कृती ठाऊक होती. तसेच नाचणी म्हणजे मधुमेहावरील औषध, हा समजही चुकीचा. बारीक पिठाची पातळ, गोड खीर रक्तातील साखर झपाट्याने वाढवू शकते. भाकरी आणि तिच्याबरोबर डाळ, भाजी, मासळी हा त्याहून शहाणपणाचा मार्ग.

सजग आहाराबाबतही असाच तोल हवा. तणावाखाली वा भावनेच्या भरात अवाजवी खाण्याची सवय आटोक्यात येण्यास त्याची मदत होते, असे अभ्यासांत दिसते. वजन घटवण्याबाबतचे पुरावे तितके ठोस नाहीत. हा उपचार नव्हे, एक सवय आहे. ती रुजली तर इतर चांगल्या सवयींना आधार देते.

प्रश्न किती गंभीर आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मे २०२४ मध्ये परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत देशातील एकूण आजारभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचे म्हटले आहे.

जिल्ह्याची थाळी

पालघरकरांना पूर्ण अन्नासाठी दूर जाण्याची गरज नाही. जिल्ह्याचे तीन पट्टे मिळून एक संपूर्ण थाळी सिद्ध होते.

पहिला सागरी पट्टा. सातपाटी, मुरबे, नवापूरपासून चिंचणी, डहाणूपर्यंतची गावे मासळीवर जगतात. सातपाटीचे पापलेट प्रसिद्ध आहे. रुपेरी पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये 'राज्य मासा' घोषित करण्यात आले, त्यामागे त्याच्या घटत्या संख्येची चिंता होती. परंतु पोषणाच्या दृष्टीने लहान मासळीचे मोल अधिक आहे. मांदेली, जवळा, बोंबील काट्या-कवचासह खाल्ले जातात. साहजिकच त्यांतून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील म्हणजे पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळासाठी केलेली प्रथिनांची बेगमीच. सुक्या मासळीत मीठ अधिक असते, एवढे रक्तदाब असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा वाड्यांचा पट्टा. केळवे-माहीमच्या केळीच्या बागा, डहाणू-घोलवड-बोर्डीचे चिकू, बहाडोलीची जांभळे ही येथील ओळख. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे बहाडोलीचे जांभूळ आणि वाडा कोलम तांदूळ यांनाही तो मान लाभला. हिवाळ्यात या भागात घरोघर 'उकडहंडी' होते. वालाच्या शेंगा, रताळी, कोनफळ अशा भाज्या सालाशेंगांसह हंडीत शिजवण्याचा हा प्रकार. त्यात तेलाचे प्रमाण बेताचे, घाईला वाव नाही आणि खाणे नेहमी चारचौघांत. सजग आहाराचा वर्ग म्हणून याहून वेगळे काय शिकवायचे?

तिसरा डोंगरी पट्टा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर या समाजांची परंपरागत शेती भात, नागली, वरई, उडीद, तूर, खुरासणी अशी मिश्र असे. धान्य, डाळ आणि तेलबी एकाच उतारावर पिकत असल्याने थाळीचा समतोल शेतातच साधला जाई. वारल्यांच्या श्रद्धाविश्वात धान्य ही कणसरी देवी आहे. नवे धान्य देवाला दाखवल्याखेरीज तोंडात घालायचे नाही, ही रीत म्हणजे अन्नाविषयीच्या कृतज्ञतेचे रूप होय.

पावसाळ्यात याला रानभाज्यांची जोड मिळते. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, शेवळ, बांबूचे कोंब घेऊन आदिवासी महिला पालघर, बोईसर, मनोरच्या बाजारात बसलेल्या दिसतात. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागातर्फे रानभाज्यांचे महोत्सवही भरवले जातात. या भाज्या खाताना ज्ञान आवश्यक असते. शेवळ नुसते शिजवले तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडाची फळे घालतात. कडूकंद काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवूनच खाण्याजोगा होतो. कोणते पान केव्हा खुडायचे, किती ठेवायचे, हे जाणणाऱ्या या बायका आपल्या अन्नाबद्दल शहरातील कोणत्याही ग्राहकापेक्षा अधिक सजग आहेत, असे म्हटले तर वावगे ठरू नये. शहरी वाचकांनी मात्र उत्साहाच्या भरात स्वतः अनोळखी भाजी तोडून आणू नये. विकणाऱ्या बाईकडूनच घ्यावी आणि करण्याची कृतीही तिलाच विचारावी.

पाळी आणि पाकीट

एवढी समृद्ध थाळी हाताशी असताना बोईसर-तारापूरमधील जेवण बिघडते ते का? याचे उत्तर घड्याळात आहे.

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यानंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा शेकडो कारखान्यांभोवती बोईसर वाढले. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, शरीर मात्र एकाच घड्याळावर चालते. रात्री इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. परिणामी तेच अन्न मध्यरात्री घेतले तर रक्तातील साखर दिवसापेक्षा जास्त वाढते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. त्यात झोपमोड झाली, की भूक वाढवणारी संप्रेरके बळावतात आणि हात गोड वा तळलेल्या पदार्थाकडेच जातो. हा मनोनिग्रहाचा अभाव नसून शरीराचा धर्म आहे.

दुसरीकडे, एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसरचा नोकरदार मुंबईच्या वेळापत्रकाला अधिकच बांधला गेला. सकाळचा नाश्ता गाडीत उभ्याने, दुपारचा डबा संगणकासमोर आणि रात्रीचे जेवण दूरचित्रवाणी वा मोबाइलच्या पडद्यासमोर, असा अनेकांचा दिवस असतो. तिन्ही वेळा डोळे दुसरीकडे असतात. किती खाल्ले याचे भान राहणार कसे?

वसाहतीतील बहुसंख्य परप्रांतीय कामगार खोली वाटून राहतात. शेगडी एक, माणसे पाच-सहा आणि पाळ्या वेगवेगळ्या. त्यांना 'ताजे शिजवून खा' असा सल्ला देणे सोपे आहे. परंतु त्यांच्याकडेही एक शिदोरी असते. उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगाराचे सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्यांचे पीठ, हे प्रथिने व तंतू देणारे अस्सल पूर्ण अन्न आहे. पाण्यात कालवून, कांदा-लिंबू-मीठ घालून ते पाच मिनिटांत तयार होते आणि त्याला शेगडीही लागत नाही. भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी, मोड आलेले मूग हेही तसेच. पाळीच्या माणसाला हवे असते ते स्वस्त, टिकाऊ आणि चटकन खाता येणारे. हे तिन्ही गुण पाकिटाबाहेरही मिळतात.

जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह सक्तीचे केले होते. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आणण्यात आली आहे. या उपाहारगृहांत मैद्याच्या तळणीबरोबर उसळ, ताक, फळ आणि रात्रपाळीसाठी हलके जेवण मिळू लागले, तर शंभर भित्तिपत्रकांनी होणार नाही तेवढे काम होईल.

'समग्र' शब्दाची कसोटी

आतापर्यंतचा विचार खाणाऱ्याच्या पानापुरता होता. 'समग्र' म्हणायचे, तर पिकवणाऱ्याचे पानही पाहावे लागेल.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. त्यानंतर सरकारी योजनांची मालिकाच सुरू झाली. नोव्हेंबर २०१५ पासून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तरीही जव्हार-मोखाड्यातील कुपोषणाच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. दिवाळीनंतर रोजगारासाठी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतरित होतात. मुलांची अंगणवाडी सुटते आणि आहारही तुटतो. त्यातच पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे आता पाड्यापाड्यावरील टपरीत पोहोचली आहेत. डोंगरावरची नागली शहराच्या पाकिटात आणि शहराचे पाकीट डोंगरावरच्या मुलाच्या हातात, अशी ही विपरीत देवाणघेवाण आहे.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. नाचणीचा मान वाढला, तसा भावही वाढला. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये, म्हणजे किलोला सुमारे ४३ रुपये ठरवला होता. वाचकांनी आपल्या घरातील नाचणीच्या बिस्किटांच्या वा तयार मिश्रणाच्या पाकिटावरील वजन आणि किंमत पाहून किलोचा भाव काढावा आणि त्यात नाचणीचा अंश खरोखर किती, हेही तपासावे. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. पहिल्या जागी मैदा वा साखर असेल, तर आपण नाचणीच्या नावाने काय विकत घेतले, हे निराळे सांगायला नको. 'हेल्थ ड्रिंक' या बिरुदाखाली विकल्या जाणाऱ्या पेयांबाबत तर केंद्रालाच एप्रिल २०२४ मध्ये ई-वाणिज्य कंपन्यांना हे सदर काढून टाकण्यास सांगावे लागले.

दुसरा प्रश्न पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर ९३.६९ गुणांसह पहिल्या स्थानी होते. हा पहिला क्रमांक अर्थातच भूषणावह नव्हता. सांडपाण्यामुळे खाड्या आणि किनाऱ्यावरील मासळी धोक्यात आल्याची तक्रार घेऊन मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. खाडीतील मासळी दूषित झाली, तर ती कितीही सावकाश आणि कितीही कृतज्ञतेने खाल्ली तरी तिचा दोष जाणार नाही. म्हणून सजग ग्राहकाने 'हे अन्न आरोग्यदायी आहे का?' याबरोबर 'हे अन्न आले कोठून?' हेही विचारले पाहिजे. औद्योगिक नाल्यांच्या काठी वाढलेली पालेभाजी टाळावी, हा त्यातील व्यक्तिगत भाग झाला. नाले स्वच्छ राहावेत असा आग्रह नागरिक म्हणून धरणे हा सामाजिक भाग. दोन्ही मिळूनच आरोग्य समग्र होते.

रोजच्या व्यवहारात काय करता येईल?

- आठवड्यातून तीन-चार जेवणांत पांढऱ्या तांदळाऐवजी वा गव्हाऐवजी नाचणी, ज्वारी, वरई अथवा हातसडीचा तांदूळ घ्यावा. बदल हळूहळू करावा. तंतू एकदम वाढले तर पोट फुगते.

- पानाचा अर्धा भाग भाज्या व फळांनी भरावा. डाळ, उसळ, अंडी वा मासळी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे.

- दिवसातील किमान एक जेवण पडद्याविना, बसून, वीस मिनिटे तरी चालेल असे घ्यावे. शक्य तेथे घरच्या माणसांसोबत जेवावे.

- दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबावे. भूक उरली असेल तर जरूर वाढून घ्यावे. सजगता म्हणजे उपासमार नव्हे.

- जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. त्याने लोहाचे शोषण घटते. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वाने ते वाढते. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या समाजात, विशेषतः महिलांनी, हे कटाक्षाने पाळावे.

- मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण यांतील मीठही त्यात मोजावे.

- रात्रपाळी असल्यास मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी घ्यावे. मध्यरात्री हलके काही खावे आणि घरी परतल्यावर भरपेट जेवून लगेच झोपणे टाळावे.

- रानभाज्या, नागली, वरई, जांभळे थेट पिकवणाऱ्या वा गोळा करणाऱ्या व्यक्तीकडून घ्यावीत आणि घासाघीस करताना हात आखडता घ्यावा.

- मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहारातील मोठे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. कोणतेही धान्य चालू औषधाची जागा घेत नाही.

या यादीत महागडे असे काही नाही. विशेष दुकानातून आणावे लागेल असेही काही नाही. पूर्ण अन्नाचा आग्रह म्हणजे चैन, ही समजूत पाकिटांच्या बाजारपेठेने रुजवलेली आहे. डाळ-भाकरी, मासळी-भात, उसळ आणि हंगामी भाजी हे या जिल्ह्याचे रोजचे जेवण होते. ते पुन्हा रोजचे होण्यासाठी खाणाऱ्याने वीस मिनिटे द्यायला हवीत, कारखानदाराने एक बरे उपाहारगृह, प्रशासनाने स्वच्छ पाणी आणि बाजाराने पिकवणाऱ्याला रास्त भाव. मोखाड्याच्या डोंगरावर नागली पिकवणाऱ्या बाईच्या मुलाच्या पानात त्या नागलीची भाकरी पडेल आणि तिच्या जोडीला डाळ, अंडे, भाजी असेल, त्या दिवशी 'समग्र आरोग्य' हे शब्द पालघरमध्ये निःसंकोचपणे उच्चारता येतील.